दारूबंदीचे किरकोळ खटले : शिक्षेमागची न लिहिलेली कारणे

महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात रोजच्या कामाची जी यादी लागते, जिला वकील आणि पक्षकार ‘बोर्ड’ म्हणतात, तिच्यावर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या प्रकरणांत दारूबंदीच्या किरकोळ खटल्यांचा वाटा मोठा असतो. कोणाकडे देशी दारूच्या काही बाटल्या सापडलेल्या असतात, कोणाच्या झोपडीमागे हातभट्टीच्या दारूचा पाच लिटरचा कॅन मिळालेला असतो, तर कोणी नशेच्या अवस्थेत बाजारपेठेत गोंधळ घातलेला असतो. या खटल्यांना वर्तमानपत्रात दोन ओळींची जागा मिळते, कायद्याच्या अहवालग्रंथांत ते क्वचितच पोचतात आणि त्यांतील शिक्षेविरुद्ध अपील सहसा होत नाही. तरीही फौजदारी न्यायव्यवस्थेशी गरीब माणसाची जी गाठ पडते ती बहुतेक वेळा अशाच खटल्यात पडते. त्यामुळे ही व्यवस्था शिक्षा कशी ठरवते, हे पाहायचे तर खुनाच्या गाजलेल्या खटल्यांइतकेच या किरकोळ खटल्यांकडेही लक्ष दिले पाहिजे.

तसे पाहिल्यावर एक विसंगती ठळकपणे समोर येते. शिक्षा कमी का केली याची कारणे न्यायाधीशाने लिहावीत असे कायदा सांगतो, आणि आरोपीला सुधारण्याची संधी का नाकारली याचीही कारणे लिहावीत असे तोच कायदा सांगतो. प्रत्यक्षात मात्र दारूबंदीच्या किरकोळ खटल्यांत या दोन्ही प्रकारची कारणे कागदावर फारशी उतरत नाहीत, आणि एकाच कलमाखाली एका तालुक्यात किरकोळ दंड तर शेजारच्या तालुक्यात कैद, असा फरक का पडला याचे उत्तर कोणत्याही कागदावर सापडत नाही. दारूबंदी असावी की नसावी हा वाद जुना आहे आणि तो चालूच राहील. पण ती आहे तोवर तिच्यातील शिक्षा कारणांसह दिली गेली पाहिजे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नाही.

कायद्याची जडणघडण

मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने दारूकडे प्रामुख्याने महसुलाचे साधन म्हणून पाहिले होते. काँग्रेसच्या पहिल्या प्रांतिक मंत्रिमंडळात अबकारी खाते सांभाळणारे डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्या काळात, १ ऑगस्ट १९३९ रोजी, मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, परंतु महायुद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. मादक पेयांच्या सेवनावर औषधी प्रयोजन वगळता बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगणारा संविधानातील ४७वा अनुच्छेद या धोरणाला आधार देत होता. आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जाणारा कायदा तोच आहे, आणि गुजरातचा दारूबंदी कायदाही त्याच मुळातून आला आहे.

या कायद्याची न्यायालयीन परीक्षा लगेच सुरू झाली. १९५१ साली एफ. एन. बलसारा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदी अवैध ठरवली. या निकालाचा परिणाम तीन वर्षांनी बेहराम पेसिकाका यांच्या खटल्यात दिसला. मुंबईचे प्रादेशिक परिवहन अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या पेसिकाका यांच्या जीपने काही जणांना धडक दिली, त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत असल्याचे आढळले आणि आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते असा बचाव त्यांनी केला. प्यायलेले द्रव्य बंदी असलेलेच होते हे सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली त्यांची शिक्षा रद्द केली. केवळ तोंडाच्या वासावर शिक्षा देणे त्यानंतर अवघड झाले आणि १९५९ साली कायद्यात दुरुस्ती करून रक्ततपासणीची तरतूद आणली गेली : रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे सिद्ध झाले, तर ते औषधातून आले हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. १९६३ साली उखा कोल्हे या खानदेशातील वाहनचालकाच्या प्रकरणात रक्ताचा नमुना कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने घेतला या प्रश्नांचा सर्वोच्च न्यायालयाने बारकाईने विचार केला. आज तालुका न्यायालयात नमुन्याच्या सीलवरून जी उलटतपासणी होते, तिच्यामागे या निकालांची परंपरा आहे.

१९६०च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, परवाने दिले, १९७३च्या नियमांनी देशी दारूच्या व्यवहाराला चौकट दिली आणि हळूहळू दारू हा पुन्हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा स्रोत झाला. कायद्याचा सांगाडा मात्र बंदीचाच राहिला, म्हणजे दारू बाळगणे, पिणे, नेणे आणि विकणे हे मुळात निषिद्ध आणि परवाना हा त्याला अपवाद, ही रचना आजही कायम आहे. वर्धा आणि १९९३पासून गडचिरोली हे जिल्हे पूर्ण दारूबंदीचे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ साली आणलेली बंदी २०२१ साली उठवण्यात आली. उरलेल्या महाराष्ट्रात सरकारमान्य दुकानातून दारू मिळते, पण ती पिण्यासाठीही कायद्याने व्यक्तिगत परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते आणि वातानुकूलित परमिट रूममध्ये बसलेल्याला तो सहसा कोणी विचारतही नाही.

कलमे आणि त्यांच्या कक्षेत येणारी माणसे

पोलीस ठाण्याच्या बोलीत ‘पासष्ट ई’ म्हटले की बेकायदा दारूची विक्री, असे लगेच समजते. कलम ६५ हे दारूची अवैध आयात, निर्मिती, विक्री आणि निर्मितीचे साहित्य बाळगणे यांसंबंधीचे कठोर कलम आहे. कलम ६६(१)(ब) परवान्याविना दारू पिणे, बाळगणे किंवा नेणे याला लागू होते, कलम ६८ दारूचा अड्डा चालवण्याला, कलम ८४ अशा अड्ड्यावर पिताना सापडण्याला आणि कलम ८५ सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करण्याला. याखेरीज कलम ९३नुसार वारंवार असे गुन्हे करणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र, म्हणजे पुन्हा गुन्हा करणार नाही अशी रकमेच्या जबाबदारीसह लेखी हमी, घेता येते.

या कलमांच्या जाळ्यात कोण सापडते हे पाहिले की शिक्षेचा प्रश्न अधिक गंभीर वाटू लागतो. हातभट्टीच्या धंद्यात गूळ आणि नवसागर पुरवणारा, टिपाडांत रसायन आंबवून दारू गाळणारा, ती ट्यूबमध्ये भरून मोटारसायकलवरून पोचवणारा आणि वस्तीत ग्लासाच्या हिशेबाने विकणारी बाई, अशी एक साखळी असते. छाप्यात सर्वांत सहज सापडते ती साखळीची शेवटची कडी, कारण तिचे घर ठरलेले असते आणि तिला पळून जाता येत नाही. ती पुष्कळदा विधवा, परित्यक्ता किंवा व्यसनी नवऱ्याच्या संसाराचा गाडा ओढणारी बाई असते. काही ठिकाणी आरोपी भटक्या-विमुक्त समाजातील असतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांवर मारलेला शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला गेला, पण संशयाची नजर अजून पुरती गेलेली नाही. गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात मोहाच्या फुलांचा संबंध आहार, सण आणि उपजीविका या तिन्हींशी असल्याने तिथल्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सिंधुदुर्गात वेगळेच चित्र दिसते : गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीपर्यंत कायदेशीर असलेली बाटली बांदा-इन्सुलीच्या बाजूला येताच परवान्याविना गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते, आणि तिथे पकडला जाणारा कधी संघटित तस्कर असतो, तर कधी घरी परतणारा प्रवासी.

या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे जसे चुकीचे, तसेच सगळ्यांकडे केवळ दयेने पाहणेही चुकीचे होईल. मुंबईत २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने घेतलेले बळी विसरता येणार नाहीत. मालवणीत तर मृतांचा आकडा शंभरावर गेला होता. गावोगावच्या बायकांनी दारूची दुकाने बंद करण्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चे मतदान लढवले, कारण दारूची खरी किंमत त्यांच्या घरातून वसूल होत होती. वस्तीतला अड्डा बंद व्हावा ही त्यांची मागणी न्याय्य आहे, आणि शिक्षा अर्थपूर्ण असावी असे म्हणताना ती मागणी नजरेसमोर ठेवावीच लागेल.

पंचनाम्यापासून कबुलीपर्यंत

किरकोळ खटल्याचा प्रवास छाप्याने सुरू होतो. गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाल्याची नोंद होते, दोन पंच बोलावले जातात, झडती घेतली जाते आणि मिळालेल्या मालातून १८० मिलिलिटर मापाच्या बाटलीत नमुना काढून तिच्या तोंडाला दोरा बांधून लाखेचे सील लावले जाते, पंचांच्या सह्यांचे लेबल चिकटवले जाते आणि उरलेला माल बहुधा जागेवरच नष्ट केल्याचे पंचनाम्यात नमूद होते. नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रासायनिक विश्लेषणासाठी जातो आणि त्यात इथिल अल्कोहोलचे प्रमाण किती हे सांगणारा अहवाल, ज्याला सगळे ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, कधी काही महिन्यांनी तर कधी त्याहून उशिरा येतो. पुढे आरोपपत्र दाखल होते आणि तारखा पडू लागतात.

खटला पूर्ण चालला तर तो अनेकदा निर्दोष सुटकेवर संपतो. पंच फितूर होतात, कारण पुष्कळदा त्यांनी कोऱ्या किंवा आधीच लिहिलेल्या कागदावर सही केलेली असते. छापा घालणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच निघतो. नमुना काढल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कुठे आणि कोणाच्या ताब्यात होता याची साखळी जुळत नाही. आणि आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. म्हणजे जो वकील लावून पाचसहा वर्षे तारखांना येऊ शकतो त्याच्या सुटण्याचा संभव मोठा, आणि ज्याला प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून एसटीचे भाडे भरावे लागते तो लवकर सुटका व्हावी म्हणून गुन्हा कबूल करतो. शिक्षा होते ती बहुतांशी या दुसऱ्या माणसाला. पुराव्याचा कस लागून ठरलेल्या शिक्षा या खटल्यांत थोड्या, आणि थकून दिलेल्या कबुलीवरच्या शिक्षा पुष्कळ, हे वास्तव मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा प्रामाणिक होणार नाही.

कबुलीबाबत कायदा काळजी घेतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५२मध्ये, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७५मध्येही, आरोपीची कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत नोंदवावी असे म्हटले आहे, आणि त्या कबुलीवर दोषी ठरवायचे की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले आहे. या साध्या वाटणाऱ्या वाक्यात मोठे संरक्षण आहे. “साहेब, बाटल्या माझ्या घरात सापडल्या, पण त्या दिराने ठेवल्या होत्या,” असे बाई म्हणाली, तर ती कबुली नव्हेच. पण छापील नमुन्यावर ‘गुन्हा कबूल आहे’ एवढीच ओळ आली, तर दिराचा उल्लेख कायमचा हरवतो. लोकअदालतीच्या दिवसांत किरकोळ खटले निकाली काढण्याच्या ज्या विशेष मोहिमा घेतल्या जातात त्यांत हा धोका वाढतो, कारण तिथे यशाचे माप निकाली प्रकरणांच्या संख्येवर ठरते. आपापसांत न मिटवता येणाऱ्या गुन्ह्यात लोकअदालतीला तडजोड घडवता येत नाही. म्हणून त्याच दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर कबुली देऊन दंड भरण्याचा मार्ग वापरला जातो. खटले साचू नयेत हा हेतू रास्त आहे, पण कबुली दिली तर किती दंड होईल हे आरोपीला आधीच बाहेर सांगितले जात असेल, तर ती कबुली स्वेच्छेची राहत नाही. अशा सौद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ आणि १९८०च्या निकालांत कठोर टीका केली होती. त्यानंतर २००६ साली संहितेत आलेल्या शिक्षा-सौद्याच्या प्रकरणात लेखी अर्ज, न्यायाधीशाने एकांतात केलेली चौकशी आणि स्वेच्छेची खात्री असे टप्पे घातले गेले. रांगेत उभे राहून दिलेल्या कबुलीत यांतला एकही टप्पा येत नाही.

कारणे मागणाऱ्या तरतुदी

कलम ६६(१)च्या रचनेत पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. मात्र निकालपत्रात नमूद करावयाची विशेष आणि पुरेशी कारणे नसतील, तर कैद तीन महिन्यांपेक्षा कमी असू नये, असे परंतुक, म्हणजे मूळ नियमाला घातलेली अट, त्याला जोडलेले आहे. दुसऱ्या गुन्ह्याला ही किमान मर्यादा सहा महिन्यांवर जाते आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला नऊ महिन्यांवर. विधिमंडळाने न्यायाधीशाचे हात पूर्ण बांधलेले नाहीत. किमान शिक्षेखाली उतरण्याचे दार उघडे ठेवून त्या दारावर कारणे लिहिण्याची अट घातली आहे. आरोपीचे वय, मालाचे प्रमाण, पहिलाच गुन्हा, आजारपण, पोटात वाढणारे किंवा पदरात असलेले मूल, खटला लांबण्यात गेलेली वर्षे, या सर्व गोष्टी विशेष कारणांत बसू शकतात. परंतु ‘आरोपी गरीब आहे व दयेची विनंती करतो’ ही प्रत्येक निकालात त्याच शब्दांत येणारी ओळ म्हणजे विशेष कारण नव्हे, कारण जे सर्वांनाच लागू पडते ते विशेष कसे म्हणावे?

किमान शिक्षा टाळण्यासाठी बहुतेकदा ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ आणि दंड अशी शिक्षा दिली जाते. तिचा अर्थ असा की आरोपीने त्या दिवशी कामकाज संपेपर्यंत न्यायालयाच्या आवारात थांबायचे, मग दंड भरून घरी जायचे. ही शिक्षा नेहमीच चुकीची असते असे नाही. चार बाटल्या बाळगणाऱ्या प्रथम अपराध्याला तुरुंगात धाडण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण तीच शिक्षा सराईत अड्डेवाल्यालाही त्याच सहजतेने मिळू लागली, तर तो दंडाला धंद्याचा खर्च मानतो, आणि आडव्या बाटलीसाठी झगडलेल्या बायकांचा न्यायालयावरचा विश्वास उडतो. त्यातच हे खटले संक्षिप्त न्यायचौकशीच्या पद्धतीने चालवले, तर तीन महिन्यांपेक्षा अधिक कैद देता येत नाही. मग दुसऱ्या गुन्ह्याची सहा महिन्यांची किमान शिक्षा लागू व्हावी कशी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर एक तर पूर्ण पद्धतीने खटला चालवणे हे आहे, किंवा किमान शिक्षेखाली का उतरलो याची कारणे लिहिणे हे आहे.

आता दुसऱ्या बाजूची तरतूद पाहू. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार न्यायालय दोषी व्यक्तीला समज देऊन किंवा ठराविक काळ चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. या व्यवस्थेला परिवीक्षा म्हणतात आणि तिच्यावर देखरेख करायला परिवीक्षा अधिकारी असतो. एकवीस वर्षांखालील अपराध्याला कैद द्यायचीच असेल, तर परिवीक्षा का योग्य नाही हे नमूद करणे कलम ६ने बंधनकारक केले आहे. जुन्या संहितेचे कलम ३६१ आणि नव्या संहितेचे कलम ४०२ त्याहून पुढे जाऊन सांगते की जिथे परिवीक्षा देता आली असती तिथे ती दिली नाही, तर निकालात विशेष कारणे लिहिली पाहिजेत. किमान शिक्षा सांगणाऱ्या विशेष कायद्याखालीही परिवीक्षेचा विचार होऊ शकतो, हे अन्नभेसळीच्या एका प्रकरणात, इशर दास यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केले. परिवीक्षेचा आणखी एक फायदा कलम १२मध्ये आहे : या कायद्याखाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वीस वर्षांच्या मुलासाठी पाचशे रुपये दंड आणि परिवीक्षा यांतला फरक त्याच्या उभ्या आयुष्याचा फरक ठरू शकतो, पण कबुली देताना हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते.

शिक्षा ठरवण्याची निश्चित तत्त्वे आपल्याकडे घडली नाहीत ही खंत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रेम सागर यांच्या प्रकरणात व्यक्त केली, ते प्रकरण पंजाबच्या उत्पादन शुल्क कायद्याखालचे होते. केरळमधील विषारी दारूच्या संदर्भात सोमन यांच्या प्रकरणातही २०१३ साली हाच मुद्दा पुन्हा आला. न्यायमूर्ती मळिमठ समितीने २००३च्या अहवालात शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती. ती तत्त्वे अजून आलेली नाहीत, त्यामुळे न्यायाधीशाने लिहिलेली कारणे हाच तूर्त समानतेचा एकमेव आधार आहे.

दंड, कैद आणि त्यापुढचे

किरकोळ शिक्षेचा भार किती हे शिक्षेच्या आकड्यावरून कळत नाही. दंड भरला नाही तर त्याबदली कैद होते; कैद आणि दंड या दोन्हींची तरतूद असलेल्या गुन्ह्यात ही बदली कैद कमाल कैदेच्या चौथ्या हिश्शापर्यंत जाऊ शकते, म्हणजे सहा महिन्यांच्या गुन्ह्यात दीड महिन्यापर्यंत. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची शिक्षा खिशातून जाते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची देहावर येते. याउलट परवानाधारक दुकानदाराने परवान्याच्या अटी मोडल्या, तर त्याच कायद्यात पैसे भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे; वस्तीतल्या विक्रेतीला तशी वाट नाही.

शिक्षा भोगून झाली तरी तिची छाया सरत नाही. कलम ६५ किंवा ६८ खालची दोषसिद्धी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५७खाली तडीपारीला आधार ठरू शकते. १९८१च्या धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, ज्याला एमपीडीए म्हणतात, दारूच्या अवैध धंदेवाल्याला वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते, आणि त्या आदेशात प्रलंबित गुन्ह्यांची यादी जोडली जाते. गावठी दारूच्या विक्रीने सार्वजनिक सुव्यवस्था कशी धोक्यात आली हे न दाखवल्यामुळे असे अनेक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले आहेत. म्हणून प्रलंबित गुन्हा आणि सिद्ध गुन्हा यांतला फरक शिक्षा ठरवतानाही कटाक्षाने पाळला पाहिजे. पूर्वीची दोषसिद्धी आरोपात नमूद करून सिद्ध झाली असेल तरच ‘दुसरा गुन्हा’ म्हणता येतो, पोलिसांच्या यादीतील नोंद त्यासाठी पुरत नाही.

भारतीय न्याय संहितेने एक नवी दिशा दाखवली आहे. सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करण्याला तिच्या कलम ३५५मध्ये चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. समाजसेवा म्हणजे मोबदला न घेता समाजाच्या उपयोगाचे काम करणे. मात्र ही तरतूद राज्याच्या दारूबंदी कायद्याला आपोआप लागू होत नाही. त्यामुळे एकाच वर्तनासाठी पोलिसांनी कोणता कायदा लावला यावर आरोपीला समाजसेवा मिळू शकेल की नाही हे ठरते, आणि ही विसंगती दूर करणे विधिमंडळाच्या हातात आहे.

बिहारचा धडा

केवळ शिक्षा वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे बिहारने दाखवून दिले आहे. तिथल्या २०१६च्या कायद्यात दारू पिण्यालाही किमान पाच वर्षांची कैद होती. २०१८ साली पहिल्या गुन्ह्यासाठी ती तीन महिने किंवा पन्नास हजार रुपये दंडावर आली, आणि २०२२च्या दुरुस्तीने पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दोन ते पाच हजार रुपये दंड आणि तो न भरल्यास एक महिना कैद असे ठरले. दरम्यान जामीन अर्जांनी पाटणा उच्च न्यायालय भरून गेले, आणि परिणामांचा विचार न करता केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी या कायद्याचा उल्लेख केला. कायदा जितका कठोर तितका तो न्यायालयाच्या पेलण्याबाहेर जातो, आणि मग पळवाटेने सौम्य होतो. महाराष्ट्रात हे सौम्य होणे कबुली आणि न्यायालय उठेपर्यंतच्या कैदेच्या रूपाने न बोलता झाले आहे.

काय करता येईल

यासाठी नवा आयोग किंवा मोठा खर्च लागत नाही. दारूबंदीच्या प्रत्येक दोषसिद्धीत न्यायाधीशाने मालाचे प्रमाण, साखळीतील आरोपीचे स्थान, सिद्ध झालेली पूर्वीची शिक्षा, वय आणि घरची जबाबदारी यांविषयी चार-पाच ओळी लिहाव्यात, आणि परिवीक्षा दिली किंवा नाकारली यांपैकी जे केले त्याचे कारण सांगावे. या लेखनाची सवय प्रशिक्षणातच लागावी, यासाठी उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीने या किरकोळ खटल्यांनाही अभ्यासक्रमात योग्य स्थान द्यावे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क आरोपीला सांगणे ही न्यायालयाची जबाबदारी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सुक दास यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून तालुका विधी सेवा समितीने विशेष मोहिमेच्या दिवशी कबुलीच्या रांगेशेजारीच वकील बसवावा, आणि तालुका वकील संघांनी त्यासाठी आळीपाळीने दिवस द्यावेत. सरकारी अभियोक्त्याने शिक्षेवर बोलताना पुरवठादार कोण आणि विक्रेती कोण हे स्पष्ट सांगावे, म्हणजे अड्डा चालवणाऱ्याला खरी शिक्षा होईल आणि दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांनाही न्याय मिळेल.

वाचकांपैकी जे वकील, न्यायिक अधिकारी, पोलीस किंवा ग्रामसभेचे सदस्य असतील त्यांना एवढीच विनंती आहे की या खटल्यांना किरकोळ समजून त्यांनी पुढे जाऊ नये. तीन महिन्यांची कैद किंवा पाचशे रुपयांचा दंड ज्याच्या वाट्याला येतो त्याच्या दृष्टीने ती शिक्षा किरकोळ नसते, आणि ती का झाली हे लेखी कळणे हा त्याचा हक्क आहे. हा हक्क कायद्यात आधीच लिहिलेला आहे, तो निकालपत्रात उतरला पाहिजे.